फ्रिजातल्या फोडी आणि थंडीला न भिणारा जंतू

उन्हं तापली की कोल्हापुरात कलिंगड-पपईच्या डिश दिसू लागतात. घरातही उरलेलं कलिंगड फ्रिजात जातं आणि ‘फ्रिजातच होतं की, काय होतंय त्याला?’ म्हणत चौथ्या दिवशी ताटात येतं.

होतं ते असं. सुरी फिरली की सालीवरचे जंतू गरात उतरतात. अननस आंबट, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) 4 च्या खाली. तिथं बहुतेकांची वाढ खुंटते. कलिंगड-पपईचा पीएच 5 ते 6, खरबुजाचा तर 6 च्या वर. तिथं अडवणारं कोणी नाही. फ्रिजच्या 4 अंशांत साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू जवळपास थांबतो, पण लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स हा दुसरा जंतू शून्याच्या आसपासही हळूहळू वाढत राहतो.

कसा, तेच खरं गमतीचं. पेशीचं आवरण मेदाम्लांच्या (तेला-तुपातही असतात त्या रेणूंच्या) शेपटांचं असतं. सरळ, लांब शेपटं थंडीत एकमेकांना घट्ट चिकटतात. हिवाळ्यात तूप थिजतं आणि शेंगतेल पातळ राहतं, त्यातला हा फरक. आवरण थिजलं की त्यात बसवलेले प्रथिनांचे पंप अडकतात, पेशीची उपासमार होते. लिस्टेरिया यावर शेपटंच बदलतो: 17 कार्बनऐवजी 15 कार्बनची, टोकाजवळ एक छोटी फांदी असलेली, ॲन्टिआयसो जातीची. त्या फांदीमुळं शेपटं दाटीनं बसत नाहीत, आवरण लवचीक राहतं. शिवाय तो बाहेरून ग्लायसीन बीटेन नावाचा छोटा रेणू आत ओढतो. त्यानं थंडी सोसणं सोपं जातं.

2011 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका शेतावरच्या खरबुजांतल्या लिस्टेरियानं 33 जण दगावले. लक्षणं दिसायला कधी 70 दिवसही लागतात, मग संशय फोडीवर कशाला जाईल? धोका मुख्यतः गरोदर बायका, नवजात बाळं आणि म्हाताऱ्यांना.

व्हॉट्सॲपवर मात्र ‘कापलेला कांदा खोलीतले जंतू ओढून घेतो’ हेच फिरतंय. कांदा काही ओढत नाही. जंतू येतात ते हातावरून, सुरीवरून, विळीवरून.

म्हणून फळ कापण्याआधी धुवायचं, खरबुजाची जाळीदार साल ब्रशनं घासायची. फोडी दोन तासांत फ्रिजात. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकाच तासात. आपल्या एप्रिलच्या दुपारी एकच तास धरा. गाड्यावर फोडी बर्फाच्या लादीवर रचलेल्या असल्या तरी वरची रास गार नसते, तेव्हा समोर कापून घ्या.