समाजमाध्यमे आणि मतदारवर्तन : नागपूर

फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांवरून मतदारापर्यंत येणारा मजकूर आणि त्याचे राजकीय वागणे यांचा संबंध तपासणारी, राज्यशास्त्र व संज्ञापनशास्त्र यांच्या सीमेवरची अभ्यासशाखा. राजकीय वागण्यात मतनिवड येते, तसेच मतदानाला जाणे किंवा घरी राहणे, सभेला बसणे, पक्षाचे काम करणे, चारचौघांत वाद घालणे हेही येते. यांतली मतनिवड मोजायला सर्वांत कठीण, कारण मतदान गुप्त असते आणि अभ्यासकाला मतदाराच्या शब्दावरच विसंबावे लागते. लोकचर्चेत मात्र या सगळ्यातून एकच प्रश्न उरतो : मोबाइलने मत फिरवले का? नागपूरसारख्या शहराचा विचार करताना हा प्रश्न अपुरा ठरतो. येथे मोबाइलचा प्रभाव आधी शोधायला हवा तो मतदानाला कोण बाहेर पडले आणि ठेल्यावर कशाची चर्चा झाली, यात.

या विचाराचे मूळ समाजमाध्यमांच्या कितीतरी आधीचे आहे. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी परगण्यात सुमारे ६०० मतदारांच्या मे ते नोव्हेंबर या काळात पुनःपुन्हा मुलाखती घेतल्या. रेडिओ आणि वृत्तपत्रे मते पालटवत असतील, अशी तेव्हाची समजूत होती. प्रत्यक्षात प्रचारामुळे बाजू बदलणारे थोडेच निघाले. बहुतेकांचे आधीचेच मत पक्के झाले. बातमी आधी त्या विषयात रस घेणाऱ्या ओळखीच्या माणसापर्यंत जाई आणि त्याच्या तोंडून इतरांपर्यंत पोहोचे. हाच पुढे ‘द्विस्तरीय प्रवाह’ म्हणून ओळखला गेला. नागपुरात हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. पानठेल्यावर खर्रा घोटला जात असताना एक जण मोबाइलमधली चित्रफीत दाखवतो, दुसरा तिच्यावर बोलतो आणि बाकीचे चार जण त्या बोलण्यावरून आपले मत ठरवतात. चित्रफीत ऐंशी वर्षांनंतरची, रीत तीच.

समाजमाध्यमांचा परिणाम मोजणारा सर्वांत मोठा प्रयोग २ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत झाला. मतदानाच्या त्या दिवशी फेसबुकने सुमारे ६ कोटी १० लाख वापरकर्त्यांवर तो केला. बहुतेकांना मतदानाची आठवण करून देणारा संदेश आणि त्यासोबत मतदान केलेल्या मित्रांचे चेहरे दिसले. एका लहान गटाला नुसता संदेश दिसला आणि दुसऱ्या लहान गटाला काहीच नाही. मतदार नोंदींशी ताडून पाहिल्यावर कळले, की नुसत्या संदेशाने मतदान वाढले नाही. मित्रांचे चेहरे दिसले तेव्हा ते ०.३९ टक्क्यांनी वाढले. जेम्स फाउलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार सुमारे ६० हजार मते थेट परिणामाने, तर २ लाख ८० हजार मते मित्रांमार्फत वाढली. म्हणजे येथेही काम केले ते ओळखीच्या माणसाने.

०.३९ टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा नागपूरला लावता येत नाही, पण त्यावरून प्रमाणाची कल्पना येते. नागपूर लोकसभा मतदारसंघात २०२४ मध्ये २२ लाखांवर मतदार होते आणि मतदान झाले ५४ टक्क्यांच्या आसपास. सुमारे १० लाख लोक मतदानाला गेले नाहीत. नितीन गडकरी यांनी विकास ठाकरे यांच्यावर मिळवलेला विजय १ लाख ३७ हजार मतांचा होता. २०१९ मध्ये नाना पटोले यांच्याविरुद्धचा फरक २ लाख १६ हजार होता. २२ लाखांचे ०.३९ टक्के म्हणजे साडेआठ हजार. लोकसभेला ही संख्या नगण्य; सहापैकी एका विधानसभा जागेच्या वाट्याला तर तीतले सुमारे चौदाशेच. पण २०१९ च्या विधानसभेत मध्य नागपूर आणि दक्षिण नागपूर या दोन्ही जागांचा निकाल साधारण चार-चार हजारांच्या फरकाने लागला, आणि महापालिकेच्या प्रभागात तर फरक कधीकधी शेकड्यांत येतो. निवडणूक जितकी लहान, तितका लहानशा परिणामाला अर्थ अधिक. तरीही या विषयावरची चर्चा बहुधा लोकसभेपुरतीच होते, हे खेदाचे आहे.

मतपरिवर्तनाबद्दल पुरावा त्याहून थंड आहे. जोशुआ कॅला आणि डेव्हिड ब्रूकमन या अमेरिकी अभ्यासकांनी २०१८ मध्ये प्रत्यक्ष मतदारांवर केलेल्या ४९ क्षेत्रीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. सार्वत्रिक निवडणुकीत प्रचारसंपर्काने उमेदवाराची निवड बदलण्याचा सरासरी परिणाम त्यांना शून्याजवळ आढळला. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी फेसबुक व इन्स्टाग्रामच्या काही वापरकर्त्यांना तीन महिने यंत्राने निवडलेल्या क्रमाऐवजी कालानुक्रमे मांडलेला मजकूर दाखवण्यात आला. समोर येणारा मजकूर बदलला, राजकीय मते लक्षणीय बदलली नाहीत. मात्र वर्षानुवर्षे रोज झिरपणाऱ्या मजकुराबद्दल तीन महिन्यांचा प्रयोग काही सांगू शकत नाही.

भारतातले चित्र व्हॉट्सॲपने वेगळे केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि फोन घरातल्या प्रत्येकाच्या हाती जाऊ लागला. लोकनीती-सीएसडीएस या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या अहवालात समाजमाध्यमे वापरणाऱ्यांत भाजपला काहीशी अधिक पसंती दिसली, पण न वापरणाऱ्यांतही तोच पक्ष पुढे होता. म्हणून विजयाचे श्रेय फोनला देता आले नाही. किरण गरिमेला आणि डीन एकल्स यांनी भारतातील राजकीय व्हॉट्सॲप गटांमधली चित्रे तपासली, तेव्हा सुमारे १३ टक्के चित्रे दिशाभूल करणारी निघाली. त्यांत बनावट चित्रांबरोबरच जुना खरा फोटो नव्या घटनेचा म्हणून फिरवण्याचा प्रकारही मोठा होता. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीदरम्यान बिहारमधील गयेत घरोघरी जाऊन खोटी बातमी ओळखण्याचे तासाभराचे प्रशिक्षण दिले. एकंदरीत त्याचा परिणाम दिसला नाही. त्यांच्याच पुढच्या, सिमोन शोशार यांच्यासोबतच्या अभ्यासात मात्र असे आढळले, की गटातल्याच एखाद्याने ‘हे खरे नाही’ एवढे लिहिले, पुरावा दिला नाही, तरी त्या अफवेवरचा विश्वास कमी होतो. तासाभराच्या धड्याने जे साधले नाही, ते एका ओळीने काही प्रमाणात साधले. मोहल्ल्याच्या गटात ‘अबे, जुना व्हिडिओ आहे हा’ असे लिहिणाऱ्याचे मोल यावरून कळावे.

नागपूरची २०२४ ची निवडणूक या विषयातल्या अडचणी एकाच जागी दाखवते. मतदान १९ एप्रिलला होते. त्याआधी १४ एप्रिलला आंबेडकर जयंती आणि १७ एप्रिलला रामनवमी होती. दीक्षाभूमीच्या या शहरात जयंतीच्या मिरवणुका मध्यरात्रीपासूनच निघतात. पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेला अर्धे शहर रस्त्यावर असते. त्या आठवड्यात स्टेटसवर फिरलेल्या निळ्या आणि भगव्या मजकुरातली श्रद्धा कोणती आणि प्रचार कोणता, हे यंत्राने मोजून कसे वेगळे करणार? शुभेच्छांच्या चित्रात खाली नेत्याचा फोटो असतो, पण ते पाठवणाऱ्या आत्याच्या मनात राजकारण असेलच असे नाही.

त्याच निवडणुकीत ‘भाजप संविधान बदलणार’ ही चर्चा विदर्भभर होती. दहापैकी सात जागा महाविकास आघाडीला मिळाल्या आणि निकालानंतर अशा चर्चेसाठी ‘फेक नॅरेटिव्ह’ (खोटी मांडणी) हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात रूढ झाला. फोनने हे घडवले असे म्हणणे सोपे आहे. पण उत्तर नागपुरात संविधानावरची चर्चा बुद्धविहारांत, वाचनालयांत आणि घराघरांत अनेक पिढ्यांपासून चालू आहे; तेथे फोन उशिरा आला. पुढे २० नोव्हेंबरच्या विधानसभेत महायुतीने राज्यात २३० जागा घेतल्या. फोन तेच होते. मधल्या काळात मात्र लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये खात्यात येऊ लागले होते, उमेदवार बदलले होते, प्रश्न बदलले होते. एकाच कारणाला सारे श्रेय देणारी मांडणी या सहा महिन्यांत टिकत नाही.

संशोधनपद्धतीतले दोष येथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. महाविद्यालयीन प्रबंधांत गुगल फॉर्मवरून दोनेकशे उत्तरे गोळा करून ‘समाजमाध्यमांचा मतदारांवर प्रभाव पडतो’ असा निष्कर्ष काढला जातो. गुगल फॉर्म भरणारा मुळातच फोनवरचा माणूस असतो. धरमपेठेतला विद्यार्थी आणि पाचपावलीतला विणकर एकाच नमुन्यात येत नाहीत. शिवाय ‘प्रभाव पडतो का?’ असे विचारल्यावर लोक इतरांबद्दल हो म्हणतात आणि स्वतःबद्दल नाही. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ मध्ये या कलाला ‘तृतीय पुरुष परिणाम’ म्हटले. भाषेचाही प्रश्न आहे. नागपुरात घरी मराठी बोलणारा माणूस राजकीय संदेश बरेचदा हिंदीत पाठवतो. केवळ मराठी मजकूर मोजणाऱ्याच्या हाती अर्धे शहर लागते. याउलट, मतदान केंद्रनिहाय निकाल देणारा नमुना २० उपलब्ध असतो. त्याची वस्तीनिहाय मुलाखतींशी सांगड घातली आणि त्याच माणसांना लोकसभा, विधानसभा व महापालिका अशा तिन्ही वेळी विचारले, तर ईरीच्या तोडीचे काम नागपुरातही होऊ शकते. बंद गटांत गुपचूप शिरून माहिती काढण्याचा मोह मात्र टाळायला हवा. गोपनीयता मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले आहे.

नियमनाच्या बाजूने निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये उमेदवाराने आपली समाजमाध्यमांवरील खाती शपथपत्रात दाखवावीत, जाहिराती आधी प्रमाणित करून घ्याव्यात आणि त्यांचा खर्च निवडणूक खर्चात धरावा, असे बंधन घातले. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचार थांबतो. पण २०२४ ची लोकसभा निवडणूक १ जूनपर्यंत सात टप्प्यांत चालली आणि नागपूर पहिल्याच टप्प्यात होते. १७ एप्रिलच्या संध्याकाळी शहरातले भोंगे बंद झाले, तेव्हा पुढच्या टप्प्यांतल्या मतदारसंघांतील सभांची भाषणे सीताबर्डीतल्या दुकानदाराच्या फोनवर चालूच राहिली. कायद्यातली ती शांतता मतदारसंघाच्या हद्दीने आखलेली आहे. फोनला ती हद्द नाही.