नेपाळ की भूतान? व्हिसा दोन्हीकडे नको, तरी गल्लत नको

बेळगावात सहलीच्या गप्पा निघाल्या की नेपाळ-भूतान हे नाव हुबळी-धारवाडसारखं जोडूनच येतं. दोन्ही हिमालयात, दोन्हीकडे आपल्याला व्हिसा नको, मग "एकाच फेरीत दोन्ही उरकून येऊ की" म्हणणारे एक काका प्रत्येक घरात असतातच. नकाशा उघडला की कळतं, हे दोन देश एकमेकांना कुठेही लागून नाहीत. मधे सिक्कीम आणि उत्तर बंगाल आहे. जमिनीवरून जायचं तर नेपाळच्या काकडभिट्टा नाक्यातून बाहेर पडून सिलिगुडीला यायचं आणि तिथून साधारण दीडशे किलोमीटरवरच्या जयगावातून भूतानच्या फुन्टशोलिंगमध्ये शिरायचं. आपल्याकडच्या कितीतरी फौजींनी बिन्नागुडी-हासिमाराच्या पोस्टिंगमध्ये हा पट्टा पाहिलेला असतो. घरात असा कुणी निवृत्त सुभेदार असेल तर इंटरनेट उघडण्याआधी त्याच्याकडे जाऊन बसा.

आता व्हिसा. 'लागत नाही' हे दोन्हीकडे खरं आहे, पण दोन्हीकडे त्याचा हिशेब वेगळा. नेपाळशी आपला १९५० चा मैत्री करार आहे. तुम्ही भारतीय आहात एवढं दाखवलं की आत जाता येतं, वेगळं प्रवेशशुल्क नाही, किती रात्री राहणार हे कुणी मोजत नाही. केए-२२ नंबरची आपली गाडी घेऊन गेलात तर नाक्यावर तिचा भन्सार, म्हणजे जकातीचा परवाना, तेवढा काढायचा आणि जितके दिवस गाडी आत राहील तितक्या दिवसांचे पैसे भरायचे.

भूतानमध्ये व्हिसा नसला तरी प्रवेश परवाना लागतोच, आणि वर दर रात्रीचं शाश्वत विकास शुल्क. भारतीयांना ते माणशी १,२०० रुपये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, पाच वर्षांपर्यंतच्यांना माफ. नवरा-बायको आणि दहा वर्षांचा मुलगा पाच रात्री राहिले तर हॉटेल, गाडी, जेवण सगळं सोडून नुसतं हेच १५,००० होतात. २०२० पर्यंत भारतीयांना हे शुल्क नव्हतं. म्हणून त्याआधी जाऊन आलेला शेजारी "कसले पैसे? काही नाही लागत" असं छातीठोक सांगतो. त्याचं त्या वेळचं खरं होतं.

कागदपत्रांत मात्र आपल्या भागातली माणसं हमखास अडकतात, म्हणून हे जरा सविस्तर. दोन्ही देशांना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं, तेही मूळ. मोबाईलमधला फोटो नव्हे. भूतानला पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक लागते. मोठ्या माणसाचं नुसतं आधार भूतानला चालत नाही. विमानाने नेपाळला जातानाही चालत नाही, पंधरा वर्षांखालच्यांना आणि पासष्टच्या पुढच्यांना तेवढी सवलत आहे. भूतानला अठराच्या आतल्या मुलाचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला लागतो आणि तो इंग्रजीत हवा. आपल्याकडे जुना हाताने लिहिलेला दाखला बहुधा फक्त कन्नडमध्ये असतो. तो फुन्टशोलिंगच्या खिडकीवर कोण वाचणार? नवीन कन्नड-इंग्रजी दाखला आधीच काढून घ्या. नावांचंही तेच. मतदार यादीत अन्नाप्पा, पासपोर्टवर अण्णाप्पा, शाळेच्या दाखल्यात ए. बी. पाटील. इथल्या कचेरीत हसून सोडून देतात, तिथे परवाना ज्या नावाने निघतो तेच नाव हॉटेलच्या बुकिंगवर आणि तिकिटावर असलेलं बरं.

पैशाचं गणित भूतानमध्ये सोपं. तिथला एक न्गुलट्रम म्हणजे आपला एक रुपया, आणि आपला रुपया दुकानात सरळ चालतो. भीमवर क्यूआर स्कॅन करून पैसे देण्याची सोय तिथे २०२१ पासून आहे. फक्त सुट्टे म्हणून हातात आलेले न्गुलट्रम परतण्याआधी खर्चून टाका, जयगाव सोडल्यावर त्यांना कुणी विचारत नाही. नेपाळमध्ये आपले शंभर म्हणजे तिथले १६० रुपये, हा दर १९९३ पासून तसाच बांधलेला आहे. दुकानदाराने पाचशे सांगितले की लगेच विचारायचं, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. न विचारता पाकीट उघडलं तर तीनशेबारा रुपयांच्या मालाला पाचशे जातात. शंभरावरच्या आपल्या नोटांवर तिथे बरीच वर्षं निर्बंध होते, म्हणून शंभराच्या नोटांचं बंडल सोबत असावं. क्यूआरवर यूपीआय आता तिथल्या बऱ्याच दुकानांत चालतं.

घड्याळ नेपाळात पंधरा मिनिटं पुढे, भूतानात अर्धा तास. नेपाळची साप्ताहिक सुट्टी शनिवारी.

भाषेच्या बाबतीत आपण नेपाळमध्ये परके वाटत नाही. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे बसवरची पाटी आणि दुकानाचा फलक आपली आजीही वाचू शकते. भूतानची जोंगखा तिबेटी लिपीत असते, पण शाळा इंग्रजी माध्यमाच्या असल्याने पाट्यांवर इंग्रजीही असतं. एक गंमत सांगतो. पशुपतिनाथाच्या गाभाऱ्यातले मुख्य पुजारी, ज्यांना तिथे भट्ट म्हणतात, ते परंपरेने कर्नाटकातून येतात. इथे कन्नड सक्तीवरून वाद घालणारा आपला मराठी माणूस काठमांडूत जाऊन एखाद्या वेळी "नमस्कार री" म्हणून दोन शब्द कन्नड बोलला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

बोलताना सांभाळायच्या गोष्टी मात्र दोन्हीकडे वेगळ्या. २००८ या एकाच वर्षी नेपाळने राजेशाही मोडून प्रजासत्ताक जाहीर केलं आणि भूतानच्या राजाने आपणहून निवडणुका घेऊन राज्यघटना दिली. भूतानमध्ये राजाराणीचे फोटो घराघरांत, हॉटेलांत दिसतात आणि ते मनापासून लावलेले असतात. तिथे राजावर विनोद करू नये. जोंगमध्ये, म्हणजे तिथल्या गढीवजा मठात, टोपी काढायची आणि अंगभर कपडे घालायचे. नेपाळमध्ये राजकारणावर उघड आणि तावातावाने बोलतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या आंदोलनात सरकार पडलं, त्या वेळी काठमांडूचा विमानतळही बंद होता. निघण्याआधी आठवडाभर तिथल्या बातम्या बघायची सवय नेपाळसाठी जास्त गरजेची.

आणि सीमाप्रश्न म्हणजे काय हे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या माणसाला शिकवायला नको. नेपाळने २०२० मध्ये कालापानी, लिपुलेख, लिंपियाधुरा आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा काढला, भारताला तो मान्य नाही. २०१५ मध्ये सीमेवरून इंधन आणि औषधं महिनोन् महिने अडली, त्याला तिथे भारताची नाकेबंदी म्हणतात. अशा ठिकाणी चहा पिता पिता "नेपाळ म्हणजे आपलंच की" असं प्रेमाने म्हटलेलंही लागतं. बाहेरचा कुणी दोन दिवस किर्लोस्कर रोडवर फिरून सीमाभागाचा निकाल देऊ लागला तर आपल्याला कसं वाटतं, ते आठवावं आणि गप्प बसावं.

जेवणात नेपाळचं डाळ-भात-तरकारी आपल्याला रोज चालतं. भूतानात मिरची हीच भाजी. एमा दात्शी म्हणजे मिरच्या आणि चीज. संकेश्वरी तिखटावर वाढलेल्यालाही पहिल्या घासाला पाणी लागेल, आणि हॉटेलवाल्याला आधी सांगितलं तर तो कमी मिरची घालतो.

राहिला प्रश्न कधी जायचं याचा. कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी असते, त्यामुळे सीमाभागातल्या घरांचा बेत तेव्हाच ठरतो. नेमका त्याच सुमारास नेपाळमध्ये दशैं, म्हणजे तिथला दसरा, असतो. काठमांडूतले लोक गावी जातात, बस भरून वाहतात, मुख्य दिवसांत दुकानं बंद. भूतानमध्ये थिंफूचा छेचू हा मुखवटे घालून नाचण्याचा उत्सवही बहुतेक वेळा त्याच हंगामात येतो, आणि तो बघायचा असेल तर हॉटेल गणपतीतच ठरवून टाकावं लागतं.