गोमंतकातील बदलत्या सौंदर्यकल्पना

गोव्यातील मराठी समाजात ‘देखणी’ कोणाला म्हणायचे, याची समजूत गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलली. दर वेळी हा बदल कुठल्या ना कुठल्या मंचावरून आला. आधी देवळासमोरचे नाटक, मग सिनेमाचा पडदा, मग सौंदर्यस्पर्धेचे व्यासपीठ आणि आता हातातला मोबाइल. केस, वेश, बांधा यांची मापे या ओघात पार पालटली. गोऱ्या रंगाचा आग्रह मात्र तेवढा हलला नाही, आणि या विषयात सर्वांत जास्त लक्ष देण्यासारखी गोष्ट तीच आहे.

जुनी मापे

जुन्या घरांत मुलीचे कौतुक ‘नाकीडोळी नीटस’, ‘गोरीपान’, ‘अंगाने भरलेली’ अशा शब्दांत होई. लांबसडक दाट केस ही मोठी जमेची बाजू. बारीक मुलगी दिसली की ‘हिच्या अंगी काही लागत नाही’ म्हणून घरातली बाई काळजी करी. शिकेकाई, खोबरेल, हळद, नरकचतुर्दशीचे उटणे एवढीच प्रसाधने, आणि केसांत फुले.

या फुलांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. अबोली, सुरंगी, जाई, मोगरा, शेवंती यांच्या माळेला गोव्यात ‘फाती’ म्हणतात. म्हार्दोळची जाई सर्वांत नावाजलेली. तिथल्या म्हाळसा देवीला जाईच्या फुलांची पूजा बांधली जाते, तेव्हा देऊळ फुलांनी भरून जाते. सुरंगीच्या कळ्या पहाटे काढून, त्या उमलण्याआधीच ओवाव्या लागतात. उशीर झाला तर कळी हातातच फुलते आणि माळ सैल पडते. सुकल्यावरही तिचा वास जात नाही, म्हणून बायका जुनी फाती कपड्यांच्या पेटीत टाकून ठेवत. अबोलीला वास नाही, पण ती दिवसभर टिकते. रोज एक फाती माळणे हा एके काळी श्रीमंतीचा नव्हे, नीटनेटकेपणाचा भाग होता.

वेशावर सत्तेचा हातही पडला होता. 1736 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या न्यायालयाने, काढलेल्या फतव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुडवे (धोतर), चोळी असे जुने पेहराव वापरण्यास मनाई केली. सौंदर्याच्या खुणा धर्माच्या खुणा ठरवल्या गेल्या. तरीही ख्रिस्ती लग्नात नवरीच्या हाती चुडा भरण्याची रीत टिकली. पांढरा झगा घालणाऱ्या नवरीच्या हातातही आदल्या दिवशी भरलेल्या काचेच्या बांगड्या दिसतात.

नाटक

फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांत जत्रा आणि काला म्हटले की मराठी नाटक आलेच. त्यात स्त्रीची भूमिका दीर्घकाळ पुरुषच करीत. बालगंधर्वांच्या भूमिकांनी मराठी मध्यमवर्गात नेसणे, नथ, अंबाडा, चालणे यांचा वस्तुपाठच घालून दिला आणि बायका त्यांचे अनुकरण करू लागल्या. गोव्याच्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर (1900–1942) यांनीही बलवंत संगीत मंडळीत स्त्रीभूमिका केल्या. ‘भावबंधन’मधली त्यांची लतिका गाजली. बाईने कसे दिसावे याचा आदर्श पुरुषाच्या देहावर घडला, ही बाब आज विलक्षण वाटते. पण त्या काळी सभ्य घरातल्या स्त्रीला लोकांसमोर उभे राहण्याची वाटच नव्हती. ज्यांना होती, त्या देवळांत गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या कलावंत घराण्यांतल्या स्त्रियांचे गाणे समाजाने ऐकले, त्यांचे दागिने-लुगडी न्याहाळली, आणि मान मात्र दिला नाही. हा अन्याय या इतिहासातून वगळता येत नाही.

पुढे स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी हे रूढ होण्यात गोव्याच्या बांदिवडे गावी जन्मलेल्या ज्योत्स्ना भोळे यांचा वाटा मोठा आहे. 1933 साली आलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’त त्या रंगभूमीवर उभ्या राहिल्या. भरजरी शालूऐवजी रोजच्या घरात वावरणारी बाई मंचावर दिसू लागली, ती या काळात.

पडदा आणि किताब

1938 च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या वेशात दिसल्या आणि मराठी जगात खळबळ उडाली. 1993 मध्ये त्यांची नात नम्रता शिरोडकर मिस इंडिया झाली. दोन घटनांमध्ये 55 वर्षे आहेत. आजीच्या वेळी जो वेश गहजबाचा विषय झाला, तो नातीच्या वेळी स्पर्धेच्या नियमाचा भाग होता.

गोमंतकीयांसाठी मोठी घटना याआधीच, 1966 मध्ये घडली. मुंबईतल्या गोमंतकीय कुटुंबात जन्मलेल्या रीटा फारिया लंडनमध्ये मिस वर्ल्ड झाल्या. हा किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या आशियाई स्त्री. गोवा पोर्तुगीज सत्तेतून सुटून तेव्हा पाचच वर्षे झाली होती. फारिया वैद्यकीय विद्यार्थिनी होत्या. किताबाचे वर्ष संपल्यावर त्यांनी मॉडेलिंग सोडले, शिक्षण पूर्ण केले आणि डॉक्टर झाल्या. त्यांच्या गोष्टीचा हा उत्तरार्ध मुलींना जितका सांगायला हवा तितका सांगितला जात नाही.

उसगावच्या घराण्यातल्या वर्षा उसगावकर यांच्या रूपाने मराठी गोव्याला आपली तारका मिळाली. ‘ब्रह्मचारी’ नाटक, 1987 चा ‘गंमत जंमत’, मग दूरदर्शनवरच्या ‘महाभारत’मधली उत्तरा. त्यांच्यामुळे घारे डोळे आणि गोरा रंग ‘आपल्याकडचे’ रूप म्हणून अधिकच मिरवले गेले. 1991 नंतर परदेशी प्रसाधनांना बाजार खुला झाला. 1994 मध्ये सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाल्या. गल्लोगल्ली ब्यूटी पार्लर दिसू लागले. 2008 च्या सुमारास करीना कपूर यांच्या ‘साइझ झिरो’ची चर्चा घरात पोहोचली, आणि जे बारीक अंग आजीला आजाराचे लक्षण वाटे, त्यासाठी नात जेवण टाळू लागली. या ओढीची किंमत स्वतः ताऱ्यांनाही मोजावी लागते. गोव्यात वाढलेल्या अभिनेत्री इलियाना डिक्रूझ यांनी बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरने आपल्याला ग्रासल्याचे उघडपणे सांगितले आहे. या विकारात माणसाला आपल्या शरीरातले नसलेले किंवा किरकोळ दोष सतत छळत राहतात. हे बोलायला धैर्य लागते, आणि ते ऐकून डॉक्टरकडे जाण्याचे बळ कितीतरी मुलींना मिळू शकते.

कुणबी कापड

लाल-पांढऱ्या चौकड्यांचे कुणबी कापड शेतात चिखल तुडवताना अडू नये म्हणून आखूड नेसत आणि खांद्यावर गाठ मारून अडकवत. शहरी घरांत ते कष्टकऱ्यांचे लुगडे म्हणूनच पाहिले गेले. गोव्यातले त्याचे विणकाम बंद पडले होते. कोलवाळचे वेषरचनाकार वेंडेल रॉड्रिक्स (1960–2020) यांनी 2010 च्या आसपास ते पुन्हा विणून घेतले, फॅशनच्या मंचावर आणले आणि 2012 मध्ये गोव्याच्या पेहरावावर ‘मोडा गोवा’ हा ग्रंथ लिहिला. 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज ही साडी पणजीच्या समारंभांत मानाने नेसली जाते. मात्र उन्हात रापलेल्या ज्या बाईने ती पिढ्यान्‌पिढ्या नेसली, तिचे रूप अजून कोणत्याही फलकावर झळकत नाही.

रंग

कळंगुटच्या वाळूत परदेशी पर्यटक कातडी रापवायला दुपारभर पडून असतात, आणि त्याच रस्त्याने स्थानिक मुलगी तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटर हाकते. दोघींनाही दुसरीची कातडी हवी असते. ‘फेअर अँड लव्हली’ मलम 1975 मध्ये बाजारात आले. 2020 मध्ये ते ‘ग्लो अँड लव्हली’ झाले, तरी ग्राहकाच्या तोंडी जुनेच नाव आहे. लग्नाच्या जाहिरातींत ‘गोरी, सुस्वरूप’ हे शब्द अजून भेटतात. डॉक्टरांना न विचारता लावलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमांमुळे त्वचा पातळ होते, मुरमे येतात, चेहऱ्यावर लव वाढते, आणि मलम थांबवताच चेहरा लाल होऊन चुरचुरतो. चिठ्ठीशिवाय असे मलम घेणे थांबले पाहिजे.

सध्याचा मंच

इन्स्टाग्रामने तारकेचे अंतर मिटवले. पूर्वी नटी पडद्यावर दिसे, आता म्हापशाची मुलगी रीलमधून कळ्या कशा माळायच्या ते दाखवते आणि चार दिवसांत तशी फाती लग्नमंडपात दिसते. फुले परत आली, पण रोजच्या केसांत नव्हे, फोटोच्या दिवशी.

लग्नाआधी पार्लरमध्ये ‘ट्रायल’ असते. फाउंडेशनचा ठिपका जबड्याच्या कडेला लावून त्वचेशी जुळवतात. नवरी आरशात बघते, शेजारी बसलेली आई म्हणते, ‘‘थोडे आणखी उजळ करा.’’ मग दोन छटा वरचे फाउंडेशन निघते आणि माने-चेहऱ्याचा फरक झाकायला गळाभरही तेच फासावे लागते. अलीकडे काही मुली खुर्चीवर बसतानाच सांगतात, ‘‘माझ्याच रंगाचे लावा.’’ ब्यूटिशियन तसे लावते. पंधरा दिवसांनी अल्बम येतो, त्यात फोटोवाल्याने कोणाला न विचारता सगळे चेहरे उजळून ठेवलेले असतात.