चुकांची वंशावळ

दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवून कॉपी पकडायची असेल, तर परीक्षक बरोबर उत्तरांकडे बघत नाही. दोघांचेही उत्तर अचूक आले, तर दोघांनीही अभ्यास केला असावा, एवढेच त्यातून कळते. पण एकाच गणितात तिसऱ्या पायरीला दोघांनीही नऊच्या जागी सहा लिहिला आणि तो सहा दोघांनीही शेवटपर्यंत ओढत नेला, की परीक्षकाच्या भुवया वर जातात. बरोबर उत्तर एकच असते, चुकायला हजार वाटा असतात. त्या हजारांतली नेमकी तीच वाट दोघांनी धरली, म्हणजे एकाने दुसऱ्याचे पाहिले किंवा दोघांनीही तिसऱ्याचे.

एवढीशी ही युक्ती. पण जीवशास्त्र, भाषाशास्त्र आणि जुन्या ग्रंथांचा अभ्यास या तीन विद्याशाखांचा मोठा डोलारा तिच्यावर उभा आहे. विद्यापीठात या तिघांच्या इमारती वेगळ्या, नियतकालिके वेगळी, आणि एकाच्या निबंधातले निम्मे शब्द दुसऱ्याला कळणार नाहीत. तरी ‘नाते कशावरून ओळखायचे?’ या प्रश्नाला तिघांनी दिलेले उत्तर एकच आहे.

आधी आपल्याच शरीरातली एक चूक पाहू. क जीवनसत्त्व आपल्याला अन्नातून मिळवावे लागते. ते महिनोन्महिने मिळाले नाही की हिरड्या सुजतात, जुन्या जखमा उघडतात, माणूस दगावतो. शिडाच्या जहाजांवर दूरच्या सफरीला गेलेले कितीतरी खलाशी या स्कर्व्हीने मेले. कुत्रा, मांजर, गाय किंवा उंदीर यांना ही धास्ती नाही. त्यांचे यकृत हे जीवनसत्त्व साध्या साखरेपासून घरच्या घरी बनवते. त्यातल्या अखेरच्या पायरीसाठी एक विकर (एन्झाइम) लागते आणि ते विकर बनवण्याची कृती ‘गुलो’ नावाच्या जनुकात लिहिलेली असते.

गंमत अशी की हे जनुक आपल्यातही आहे. फक्त ते मोडलेले आहे. त्याचे काही तुकडे गळून गेलेत आणि उरलेला मजकूर वाचण्याजोगा राहिलेला नाही. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि माकडे यांच्यातही ते मोडकेच सापडते, आणि मोडतोडीच्या कितीतरी खुणा आपल्याशी जुळतात. लेमूर हेही आपल्याच गणातले प्राणी, पण त्यांच्यात हे जनुक अजून चालू आहे. म्हणजे लेमूरांची फांदी वेगळी झाल्यानंतर आणि माकडांची होण्याआधी, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी पूर्वजात ही मोडतोड झाली. फळे खाऊन राहणाऱ्या त्या प्राण्याचे तिच्यामुळे काही अडले नसावे, म्हणून ती पुढच्या पिढ्यांत उतरत आली.

क जीवनसत्त्व न बनवता येणाऱ्यांत गिनीपिगही आहे. मग तो आपला जवळचा नातलग का नाही? कारण त्याचे जनुक वेगळ्या तऱ्हेने मोडलेले आहे. शेवटचे उत्तर दोघांचेही चुकले, पण पायऱ्या पाहिल्या तर चूक एक नाही. परीक्षक इथे दोघांना सोडून देईल.

नुसत्या साम्यावर विसंबणे किती धोक्याचे, याचे सगळ्यात सोपे उदाहरण हाताच्या बोटांचे आहे. माणसाला पाच बोटे, सरड्याला पाच, घोड्याला एकच खूर. मग माणूस सरड्याच्या जवळचा का? अर्थातच नाही. पाच बोटे हा फार जुना वारसा आहे. तो आपण आणि सरड्याने जपला, घोड्याच्या वंशात तो आटत गेला. जपून ठेवलेल्या जुन्या गोष्टींवरून जवळचे नाते ठरत नाही. ते ठरते नंतर घडलेल्या आणि पुढे वाटून घेतलेल्या बदलांवरून. विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० साली हे तत्त्व नियमासारखे काटेकोर मांडले, आणि पुढच्या तीसेक वर्षांत जीवसृष्टीच्या वर्गीकरणाची मांडणीच बदलली. मगर दिसते पालीसारखी, पण नात्याने ती पक्ष्यांना जवळची आहे, हे आज आपण म्हणतो ते याच हिशेबाने. (जीवशास्त्रात ‘चूक’ हा शब्द सैलपणेच वापरायचा. निसर्गाकडे आदर्श उत्तरपत्रिका नसते, असतो तो फक्त बदल.)

आता ग्रंथालयात जाऊ. छापखाना येण्यापूर्वी प्रत्येक ग्रंथ हाताने नकलून घ्यावा लागे. लहिया थके, डुलकी घेई, दोन ओळींच्या शेवटी एकच शब्द आला तर त्याची नजर पहिलीवरून थेट दुसरीवर घसरे आणि मधला मजकूर गळून जाई. त्या नकलेवरून दुसरा लहिया नक्कल करी तेव्हा गळालेली ओळ गळालेलीच राही, वर त्याच्या स्वतःच्या दोनचार चुकांची भर पडे. म्हणून शंभर प्रतींत शुद्ध पाठ जुळला तर त्याचे काही विशेष नाही. दहा प्रतींत एकच ओळ गळालेली असेल, तर त्या दहा जणी बहिणी आहेत. पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकांनी हे हेनिगच्या किती आधी ओळखले होते! १८२७ साली स्वीडनमधल्या एका जुन्या कायद्याच्या हस्तलिखितांचा वंशवृक्ष काढून छापला गेला. डार्विनने आपल्या वहीत झाडाची ती प्रसिद्ध आकृती रेखाटली १८३७ साली, आणि १८५९ च्या ग्रंथात त्याने छापलेली एकमेव आकृती म्हणजेही वंशवृक्षच.

या पाठचिकित्सकांच्या बुद्धीचा कस दाखवणारा एक किस्सा मला फार आवडतो. कार्ल लाखमान हा जर्मन पंडित रोमन कवी ल्युक्रेशियसचे काव्य संपादत होता. नवव्या शतकातल्या एका हस्तलिखितात चार उतारे आपल्या जागी नव्हते, सगळ्यात शेवटी एकत्र आले होते. लाखमानने त्यांच्या ओळी मोजल्या. प्रत्येक उतारा जवळपास ५२ ओळींचा. बावन्नच का? कारण ज्या पूर्वज प्रतीवरून नक्कल झाली, तिची चार पाने सुटली असणार आणि कुणीतरी ती उचलून शेवटी ठेवली असणार. पानाच्या दोन बाजूंवर मिळून बावन्न, म्हणजे एका बाजूला सव्वीस. जी पोथी कुणी पाहिली नाही, जी कित्येक शतकांपूर्वी नष्ट झाली, तिच्या प्रत्येक बाजूवर किती ओळी होत्या हे १८५० साली छापून आले. एखाद्या दातावरून नामशेष प्राण्याचा आकार सांगणाऱ्या जीवाश्मतज्ज्ञाने याहून वेगळे काय केले असते?

भाषांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिचा पहिला अध्याय बहुतेकांना ठाऊक आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा, असे विल्यम जोन्सने १७८६ साली कोलकात्यात म्हटले. ऑगस्ट श्लायखर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८५३ साली या कुळाचा वृक्ष छापला. श्लायखर ज्यांच्या हाताखाली शिकला ते हस्तलिखितांचे वंशवृक्ष काढणारे पंडित होते, तेव्हा ही आकृती त्याच्याकडे कुठून आली हे उघड आहे. त्याला बागकामाचा नाद होता, म्हणून त्याचा मित्र, प्राणिशास्त्रज्ञ हेकेल याने त्याला डार्विनचा ग्रंथ वाचायला दिला. श्लायखरने तो वाचला आणि १८६३ साली त्यावर खुले पत्रच लिहिले. भाषांच्या बाबतीत हे आपल्याला आधीच माहीत होते, असा त्याचा एकंदर सूर आहे. मानव्यविद्या विज्ञानाकडून पद्धती उसन्या घेतात असे ऐकत आपण मोठे झालो. इथे तरी आधी कोणाच्या अंगणात झाड उगवले ते स्पष्ट आहे.

पण झाड सुरेख दिसते म्हणून ते खरे असेलच असे नाही. भूतकाळात जाऊन कोण पडताळणार? यावर जीवशास्त्रज्ञांनी १९९२ साली नामी उपाय काढला. जिवाणूंना ग्रासणारा टी-सेव्हन नावाचा विषाणू त्यांनी प्रयोगशाळेत वाढवला, बदल लवकर घडावेत म्हणून त्यावर रसायन वापरले आणि ठरलेल्या टप्प्यांवर त्याचे वंश वेगळे केले. खरा वंशवृक्ष त्यांच्याकडे लिहून ठेवलेला होता. मग फक्त शेवटच्या पिढीची माहिती पाच वेगवेगळ्या गणिती पद्धतींना दिली. पाचही पद्धतींनी फांद्या फुटण्याचा क्रम अचूक सांगितला.

पुढे २००४ साली हाच प्रयोग शाईने झाला. स्वयंसेवकांना मध्ययुगीन काव्याच्या अनुवादाचा उतारा हाताने उतरवायला दिला, त्यांच्या नकलांवरून दुसऱ्यांना नकला करायला लावल्या, आणि कोणी कोणाचे उतरवले याची नोंद बाजूला ठेवली. जीवशास्त्रासाठी लिहिलेल्या संगणकप्रणालींनी त्या नकलांचे नाते बऱ्याच अंशी बरोबर ओळखले. विषाणू आणि लहिया यांना एकाच कसोटीला बसवणारे हे दोन निबंध शेजारीशेजारी वाचावेत, इतके ते एकमेकांचे जुळे आहेत.

अडचण सुरू होते ती फांद्या एकमेकींत शिरल्यावर. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि ती पुरी झाली १९६६ साली. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते धुंडाळली गेली. प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर मूळचे गणिताचे विद्यार्थी, केंब्रिजमध्ये शिकलेले. वंशवृक्षाचे तर्कशास्त्र त्यांना कळत नव्हते असे कोण म्हणेल? पण या ग्रंथाचे लहिये एका पोथीवर थांबणारे नव्हते. दुसरी पोथी हाती आली की तिच्यातले जास्तीचे श्लोक ते आपल्या प्रतीत घालत. काही टाकण्यापेक्षा काही राखणे बरे, ही त्यांची वृत्ती. त्यामुळे एका पोथीला दोन नव्हे, पाच-सहा आईबाप. सुकथनकरांनी मग वृक्षाचा हट्ट धरला नाही. उत्तरेकडील आणि दाक्षिणात्य परंपरा एकमेकींपासून बऱ्याच स्वतंत्र, म्हणून दोहोंत जे समान ते जुने, असा व्यवहारी मार्ग त्यांनी धरला. या गाळणीत व्यासांचा लेखनिक झालेल्या गणपतीची कथाही मुख्य संहितेतून निघून परिशिष्टात गेली. लहियांच्या करामती उलगडताना सर्वांत थोर लहियाच बाहेर पडावा, याला काय म्हणावे!

जीवशास्त्रात ही भेसळ होत नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती वाघ-सिंहांपुरती बरीचशी ठीक. जिवाणू मात्र जनुके शेजाऱ्यालाही देतात, आणि शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी त्यांची हरकत नसते. औषधांना दाद न देण्याचा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो तो असाच. जीवसृष्टीच्या बुंध्याशी झाड आहे की जाळे, हा वाद १९९० च्या दशकाअखेर पेटला तो यातून. भाषांचीही तीच गत. कागद, शाई, दप्तर हे मराठीतले शब्द फारशीतून आलेले. पगार आणि चावी पोर्तुगीजांकडून. त्यांच्यावरून कुळ ठरवायला गेलात तर मराठी भलत्याच घरात जाऊन पडेल. म्हणून भाषाशास्त्रज्ञ नातीगोती, अवयव, आकडे अशा सहसा उसने न घेतलेल्या शब्दांवर भिस्त ठेवतात. ‘सहसा’ हा शब्द त्यांना रोज छळतो.

माझे मत विचाराल तर झाडाच्या आकारावर बऱ्यापैकी भरवसा ठेवावा, त्यावर टांगलेल्या घड्याळावर जरा कमी. संस्कृत, ग्रीक, लॅटिन ज्यातल्या त्या भारोपीय भाषाकुळाचे वय २००३ च्या एका गाजलेल्या निबंधाने ७,८०० ते ९,८०० वर्षे सांगितले. २०१५ साली दुसऱ्या गटाने जवळपास तशीच सामग्री घेऊन, फक्त काही प्राचीन भाषांना आजच्या भाषांचे पूर्वज धरून, ते साधारण ६,५०० वर गेले नाही असे दाखवले. २०२३ साली १६१ भाषांच्या नव्या माहितीवरून उत्तर आले सुमारे ८,१००. संगणक तिन्ही वेळा प्रामाणिक होता. विषाणूंचे बदल महिन्यांच्या हिशेबाने मोजता येतात, शब्द मात्र कधी हजार वर्षे हलत नाहीत आणि कधी एका राजवटीत पालटतात.

नाइल्स एल्ड्रेज हे नावाजलेले जीवाश्मशास्त्रज्ञ. त्यांना कॉर्नेट नावाची पितळी तुतारी जमवण्याचा छंद. शेकडो जमवल्या. कोणते वाद्य कोणत्या साली, कोणाच्या कारखान्यात तयार झाले हे माहीत असल्यामुळे त्यांनी सहकाऱ्यासोबत २००७ साली जीवशास्त्राची पद्धत या वाद्यांवर लावून पाहिली. आलेले झाड खऱ्या इतिहासाशी जुळेना. कारागीर एकमेकांची झडप उचलत, नळीचे वळण उचलत, आणि पन्नास वर्षांपूर्वी बंद पडलेली रचना आवडली तर पुन्हा बनवत. नामशेष झालेला ट्रायलोबाइट हा समुद्री प्राणी परत येत नाही. संग्रहालयात टांगलेली तुतारी येऊ शकते.

हस्तलिखितांतही असे घडते. पेटीत पाच शतके पडून राहिलेली पोथी कुणीतरी उघडतो, नक्कल करतो, आणि सगळ्यात कोऱ्या कागदावर सगळ्यात जुना पाठ उतरतो. सजीवांत हे अशक्य, असे लिहून मोकळा होणार होतो. पण मसादा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात सापडलेले खजुराचे सुमारे २,००० वर्षांपूर्वीचे बी २००५ साली इस्राएलमध्ये पेरले गेले, आणि ते उगवले. आता त्या झाडाची फांदी वंशवृक्षावर कुठे काढायची, हे खजुराच्या अभ्यासकाने लाखमानलाच विचारावे लागेल.