जे-१ की एच-१बी? स्पॅनिशभाषक मुलांच्या वर्गासाठी परदेशी शिक्षक आणताना

अमेरिकेतल्या सरकारी शाळांत २०२१ मध्ये अजून इंग्रजी शिकत असलेली सुमारे ५३ लाख मुलं होती. त्यांतल्या दर चार मुलांपैकी तिघांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते. टेक्सास आणि इलिनॉय या राज्यांत तर कायदाच आहे की एका भाषेची वीस मुलं झाली की द्विभाषिक वर्ग चालवायला हवा. टेक्सासात ही वीस मुलं डिस्ट्रिक्टमधल्या (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) एका इयत्तेत मोजतात, इलिनॉयमध्ये एका शाळेत. वर्ग उघडावाच लागतो, पण स्पॅनिशमधून गणित-विज्ञान शिकवू शकेल असा परवानाधारक शिक्षक जवळपास मिळत नाही. मग स्पेन, मेक्सिको, कोलंबियाकडे नजर जाते आणि डिस्ट्रिक्टच्या एचआर विभागात प्रश्न येतो: शिक्षक जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर आणायचा की एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर?

वर्गात बघाल तर दोघांत काही फरक दिसणार नाही. दोघांनाही राज्याचा शिक्षक-परवाना लागतो, दोघंही पूर्ण वेळ शिकवतात, आणि पगाराची पायरीही सहसा तीच असते. म्हणून ‘जो लवकर होईल तो करू’ असं ठरतं, आणि गाडं तिसऱ्या वर्षी अडतं. फरक समजून घ्यायचा तर आधी कागद कोणाच्या नावावर आहे ते पाहावं, जमीन घेताना सातबारा पाहतो तसं.

जे-१ हा १९६१ च्या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या कायद्यातून आला आणि तो परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत आहे. खात्याने मान्यता दिलेली संस्था स्पॉन्सर असते. डीएस-२०१९ हा मूळ फॉर्म तीच काढते, शाळा नुसती यजमान. स्पॉन्सर कधी राज्याचं शिक्षण खातं असतं, कधी खासगी संस्था. नॉर्थ कॅरोलिनातली पार्टिसिपेट लर्निंग (पूर्वीची व्हीआयएफ) ही त्यांतली जुनी. स्पेनचं शिक्षण मंत्रालय अनेक राज्यांशी करार करून ‘प्रोफेसोरेस विसितान्तेस’ (पाहुणे शिक्षक) नावाची योजना चालवतं. कॅलिफोर्नियात ती १९८० च्या दशकापासून आहे.

एच-१बी मध्ये असा मधला कोणी नसतो. डिस्ट्रिक्ट स्वतः अर्जदार असतं. आधी कामगार खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींचं हमीपत्र) मंजूर करून घ्यायचं, मग यूएससीआयएस या इमिग्रेशन विभागाकडे आय-१२९ हा अर्ज भरायचा. जे-१ च्या शिक्षकाने दूतावासातल्या मुलाखतीत ‘शाळेने मला स्पॉन्सर केलंय’ असं सांगितलं तर ते साफ चूक आहे, आणि अधिकाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं.

जे-१ ची पात्रता दिसते त्याहून कडक आहे. शिक्षणशास्त्रातली किंवा जो विषय शिकवायचा त्यातली अमेरिकन बॅचलरच्या तोडीची पदवी, किमान दोन वर्षांचा अनुभव, आणि अर्ज करताना आपल्या देशात शिक्षक म्हणून चालू नोकरी. या शेवटच्या अटीपायीच बरेच अर्ज बाद होतात. अमेरिकेला जायचं म्हणून आधीच राजीनामा दिलेला शिक्षक या अटीत अडकतो. त्यातून सुटायला नुकतंच पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केल्यासारखी मोजकी कारणं चालतात. एच-१बी ला चालू नोकरी किंवा दोन वर्षं यांतलं काहीच लागत नाही. लागते ती नेमक्या विषयाला जुळणारी पदवी आणि परवाना. महाराष्ट्रातून गणित, विज्ञान किंवा स्पेशल एज्युकेशनसाठी अर्ज करणाऱ्यांनाही हेच नियम लागू आहेत. नुसतं डी.एड. दोन्हीकडे अपुरं पडतं. तीन वर्षांची पदवी आणि त्यावर बी.एड. असेल तर ती अमेरिकन पदवीच्या तोडीची आहे का याचं मूल्यांकन करून घेताना दोन्ही गुणपत्रिका एकत्र पाठवाव्यात. वेगवेगळ्या पाठवल्या तर पदवी ‘तीन वर्षांचं शिक्षण’ एवढीच ठरण्याचा धोका असतो.

पण दोन्हींतला खरा निकाल कॅलेंडरवर लागतो. शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते. जे-१ चं चक्र त्याला जुळवलेलं आहे: वर्षाच्या सुरुवातीला मुलाखती, वसंतात पदवीचं मूल्यांकन आणि परवान्याचा अर्ज, मे महिन्याच्या सुमारास डीएस-२०१९, मग सेव्हिस या सरकारी नोंदणी-प्रणालीची २२० डॉलर फी, १८५ डॉलरची व्हिसा फी, दूतावासातली मुलाखत, आणि जुलैअखेर विमान. कार्यक्रम सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपासून देशात येता येतं. हेही अगदी बिनधोक नाही. २०२५ मध्ये २७ मे ते १८ जून या काळात जे व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं जगभर थांबवलं होतं, म्हणजे नेमकं भरतीच्या ऐन हंगामात.

एच-१बी ची नोंदणी मार्चमध्ये होते, लॉटरी लागते आणि नंबर लागला तरी काम १ ऑक्टोबरला सुरू होतं. म्हणजे वर्ग सुरू झाल्यावर दोन महिने बदली शिक्षक. इथे डिस्ट्रिक्टांचा हमखास होणारा गोंधळ असा, की ‘आम्ही शैक्षणिक संस्था आहोत, आम्हाला वर्षाला ६५,००० एच-१बी व्हिसांची मर्यादा लागू नाही.’ लागू आहे. मर्यादेतून सूट आहे ती विद्यापीठं-कॉलेजांना आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्थांना. बारावीपर्यंतच्या शाळांना सूट आहे ती एसीडब्ल्यूआयए या प्रशिक्षण शुल्कातून. एका फॉर्मवर दोन सवलतींचे रकाने शेजारी शेजारी येतात आणि एकीवर हक्क असला की दुसरीवरही खूण केली जाते. विद्यापीठाशी लेखी संलग्नता असेल तर गोष्ट वेगळी, पण ती कागदावर सिद्ध करावी लागते.

त्यातच सप्टेंबर २०२५ ची राष्ट्राध्यक्षांची घोषणा आली. देशाबाहेर असलेल्या व्यक्तीसाठी नवा एच-१बी अर्ज करायचा तर १,००,००० डॉलर भरा. घोषणा एका वर्षाची, पुढे वाढवण्याची मुभा असलेली. एवढे पैसे एका शिक्षकावर कोणतं डिस्ट्रिक्ट घालेल? त्यामुळे माद्रिद किंवा बोगोताहून थेट एच-१बी वर शिक्षक आणणं हा मार्ग घोषणा लागू आहे तोवर बहुतेकांसाठी बंदच समजावा.

खर्च कोणी करायचा, याची उत्तरंही दोन आहेत. जे-१ मध्ये स्पॉन्सरची फी शाळा देते, काही ठिकाणी शिक्षकालाही वाटा उचलावा लागतो. नियम एवढाच, की शाळेचं नाव-ठिकाण, पगार, कपाती आणि राहणीमानाचा अंदाज हे सगळं होकार देण्याआधी लेखी हातात पडलं पाहिजे. एच-१बी मध्ये अर्जाची फी आणि वकील हा मालकाचा धंद्याचा खर्च मानतात. तो शिक्षकाकडून वसूल केल्याने त्याचा पगार कायद्याने ठरलेल्या दरापेक्षा खाली गेला तर उल्लंघन होतं. मेरीलँडच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटी शाळांना २०११ मध्ये हेच भोवलं. १,०४४ शिक्षकांना, ज्यांत बहुसंख्य फिलिपिनो होते, सुमारे ४२ लाख डॉलर परत द्यावे लागले, दंड भरावा लागला, आणि दोन वर्षं नवे परदेशी कर्मचारी आणायला बंदी झाली. पगाराचा दर बहुधा युनियनच्या करारातून ठरतो. म्हणून परदेशातली दहा वर्षं न मोजता शिक्षकाला पहिल्या पायरीवर बसवणं, आणि स्थानिक शिक्षकाचा अनुभव मात्र मोजणं, हेही अंगाशी येऊ शकतं.

आरोग्य विम्याबाबत जे-१ चे नियम आकड्यांतच आहेत: दर आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलर, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवायला ५०,०००, मृतदेह पाठवायला २५,०००, आणि स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम दर आजारामागे ५०० च्या वर नको. डिस्ट्रिक्टचा नेहमीचा विमा शेवटच्या तीन बाबींत अनेकदा कमी पडतो, तेव्हा वर एक स्वस्त पूरक पॉलिसी घ्यावी. सामाजिक सुरक्षा (सोशल सिक्युरिटी) करातून जे-१ शिक्षकाला दोन वर्षं सूट मिळते, पण ही कॅलेंडर वर्षं असतात. ऑगस्ट २०२६ मध्ये आलेल्याची सूट डिसेंबर २०२७ ला संपते, म्हणजे सतराच महिने. टेक्सास, इलिनॉय, कॅलिफोर्नियातले बहुतेक शिक्षक मुळात सोशल सिक्युरिटीत नसतात. तिथे या सवलतीची जाहिरात करण्यात फारसा अर्थ नाही.

जे-१ शिक्षकाला दरवर्षी दोन सांस्कृतिक उपक्रम करावे लागतात: एक आपल्या शाळेत किंवा वस्तीत, दुसरा अमेरिकन विद्यार्थ्यांचा परदेशी शाळेशी संवाद घडवणारा, शक्यतो स्वतःच्या जुन्या शाळेशी. डिस्ट्रिक्टं याकडे औपचारिकता म्हणून बघतात. तसं करू नये. स्पॉन्सर या उपक्रमांचा अहवाल मागतो, आणि वालेन्सियातल्या पाचवीशी व्हिडिओवर गणिताची कोडी सोडवणं स्पॅनिश वर्गाच्या खरोखर कामी येतं.

आता मुदत. जे-१ तीन वर्षांचा. पुढे एक किंवा दोन वर्षं वाढवता येतात, पण शाळेची मागणी आणि परराष्ट्र खात्याची मंजुरी दोन्ही हवीत. एच-१बी तीन अधिक तीन, आणि ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू ठेवायला आडकाठी नाही. द्विभाषिक कार्यक्रमाला हा फरक बोचतो, कारण बालवाडीपासून पाचवीपर्यंत मूल सहा वर्षं तिथे असतं. ९०:१० पद्धतीच्या शाळेत पहिल्या वर्षी नव्वद टक्के शिकवणी स्पॅनिशमधून होते. तिथे दर तीन वर्षांनी शिक्षक बदलत राहिले तर प्रत्येक वेळी अभ्यासक्रम नव्याने बसवावा लागतो.

जे-१ संपल्यावर काय, यात दोन निराळ्या ‘दोन वर्षां’ची गल्लत होते. पहिलं, पुन्हा जे-१ शिक्षक म्हणून यायचं तर मधे दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात. हे सगळ्यांना लागू आहे, पण एच-१बी ला आड येत नाही. दुसरं, इमिग्रेशन कायद्याचं कलम २१२(ई). कार्यक्रमाला सरकारी पैसा लागला असेल किंवा मायदेश आणि विषय परराष्ट्र खात्याच्या कौशल्य-यादीत (कोणत्या देशाला कोणती कौशल्यं हवीत याची यादी) असेल, तर दोन वर्षं मायदेशीच राहिल्याशिवाय एच-१बी नाही. नाहीतर माफी मिळवावी लागते. डिसेंबर २०२४ च्या नव्या यादीतून भारत वगळला गेला, पण सरकारी पैशाची अट कायम आहे. व्हिसावरची नोंद आणि डीएस-२०१९ चा खालचा कोपरा दोन्ही बघावे. त्यांत विसंगती असेल तर परराष्ट्र खात्याकडून लेखी अभिप्राय मागवता येतो.

जोडीदाराचं एक वाक्यात सांगण्यासारखं आहे: जे-१ वाल्याच्या जोडीदाराला (जे-२) कामाचा परवाना मागता येतो, एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला (एच-४) बहुधा नाही. जे-१ वर शाळा बदलायची तर आधी स्पॉन्सरची लेखी परवानगी. एच-१बी वर नव्या मालकाने अर्ज दाखल केला की रुजू होता येतं.

आल्यावरचे पहिले आठवडे जे-१ वाल्यांसाठी नाजूक. कार्यक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत स्पॉन्सरने सेव्हिसमध्ये आगमन नोंदवायला हवं. ती नोंद होण्याआधी सोशल सिक्युरिटी नंबरला अर्ज केला तर तो अडकतो, नंबर नसला की पगाराच्या यादीत नाव चढत नाही, आणि महिन्याने पगार देणाऱ्या ठिकाणी पहिला चेक सप्टेंबरअखेर येतो. घराची अनामत आणि पहिलं भाडं त्याआधीच द्यायचं असतं. आगाऊ रक्कम देण्याची सोय डिस्ट्रिक्टने करारातच लिहावी.

शिक्षक टिकवायचा असेल आणि २१२(ई) लागू नसेल, तर जाणकार डिस्ट्रिक्टं दुसऱ्या शालेय वर्षाच्या मार्चमध्येच एच-१बी ची नोंदणी करतात. नंबर लागला तर तिसऱ्या वर्षाच्या १ ऑक्टोबरला, जे-१ अजून चालू असतानाच, व्हिसाप्रकार बदलतो. तिसऱ्या वर्षी नोंदणी केली तर जे-१ जूनमध्ये संपतो, वर फक्त ३० दिवस मिळतात, आणि ऑक्टोबरपर्यंतची पोकळी भरायला विद्यार्थी व्हिसावाल्यांना मिळते तशी मुदतवाढ इथे नाही. देशातच राहून प्रकार बदलणाऱ्यांना त्या एक लाख डॉलरमधून वगळल्याचं यूएससीआयएसने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं. मात्र अर्ज प्रलंबित असताना शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टीत मायदेशी गेला, तर बदलाची मागणी सोडून दिली असं धरतात आणि प्रकरण दूतावासाकडे, म्हणजे पुन्हा त्या फीच्या कक्षेत जातं. ही गोष्ट तिकीट काढण्याआधी, एप्रिलमध्येच, शिक्षकाला लेखी कळवावी.