तडा नाही म्हणून पट्टा चांगला, असं नसतं

डिसेंबरातल्या सकाळी साताऱ्यात कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक आवाज हमखास ऐकू येतो. गाडी सुरू होते, बॉनेटखालून कर्कश चिरकणं निघतं, थोड्या वेळात थांबतं आणि मग दिवसभर सगळं ठीक चालतं. पुष्कळ जण ते तिथंच सोडून देतात.

आवाज सकाळीच का येतो? इंजिन सुरू करताना स्टार्टरने बॅटरीतून भरपूर करंट ओढलेला असतो. तो भरून काढायला अल्टरनेटर, म्हणजे गाडीत वीज तयार करणारं यंत्र, लगेच जोर लावतो, त्यामुळे त्याची पुली (पट्टा ज्यावरून फिरतो ते चाक) फिरवायला जड जाते. इंजिनच्या जोरावर ती फिरवणारा रबरी पट्टा तिच्यावर घसरतो, धरतो, पुन्हा घसरतो. ही धरसोड इतक्या झपाट्याने होते की ती आपल्याला चिरकण्यासारखी ऐकू येते. बॅटरी थोडी भरली की भार उतरतो आणि आवाज बंद होतो. पट्टा मात्र सुधारलेला नसतो. पावसाळी रात्री खंबाटकी घाट चढताना दिवे, वायपर आणि एसी एकदम चालू असले की तोच भार परत येतो. अनेक गाड्यांत वॉटर पंपही याच पट्ट्यावर चालतो. तिथं पट्टा तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो आणि पाठोपाठ इंजिन तापायला लागतं.

या पट्ट्याला दात नसतात, सगळं काम घर्षणावर चालतं. ओढ घेणाऱ्या बैलाचं दावं खुंट्याला दोन वेढे दिले की एका हातानं धरून ठेवता येतं, कारण वेढा वाढेल तशी पकड बेरजेनं नव्हे, गुणाकारानं वाढते. हे गणित अठराव्या शतकात लेओनार्ड ऑयलरनं मांडलं. घर्षणांक, म्हणजे पृष्ठभागांची पकड सांगणारा आकडा, ०.३ धरला आणि पट्ट्यानं पुलीला अर्धा वेढा घातला असेल, तर सपाट पट्टा एका बाजूला दुसरीपेक्षा साधारण अडीचपट ताण येईपर्यंत टिकतो, त्यापुढे घसरतो.

गाडीचा पट्टा सपाट नसतो. त्याच्या आतल्या बाजूला लांबीभर व्ही आकाराच्या रिब, म्हणजे उंचवट्याच्या रेघा, असतात आणि पुलीला तशाच खाचा, साधारण ४० अंशांच्या. ताण आला की रिब खाचेत रुतते आणि तिच्या दोन्ही कडा खाचेच्या भिंतींवर दाबल्या जातात. घर्षणांक तोच ठेवला तरी ती अडीचपट मर्यादा पंधरापटीच्या आसपास जाते. ही सगळी कमाई त्या तिरप्या कडांची आहे. कडा झिजल्या की रिब खोल बसते, तिचं टोक खाचेच्या तळाला टेकतं आणि रुतणं संपतं. पट्टा दिसायला धड असतो, काम मात्र सपाट पट्ट्याचं करतो.

पूर्वीचे निओप्रीन रबराचे पट्टे जुने झाले की आडवे तडे जायचे, ते पाहून बदलता यायचे. आताचे ईपीडीएम रबराचे पट्टे सहसा तडकत नाहीत, टायरसारखे झिजत जातात. म्हणून नुसते तडे शोधून भागत नाही. नव्या पट्ट्याशेजारी जुना धरा आणि दोन रिबमधली खाच किती रुंदावली आहे ते बघा.

बदलण्याचं काम घरी जमण्यासारखं आहे, इंजिन पूर्ण थंड असेल तर. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे याचा मोबाईलवर फोटो घ्या, कारण पाच-सहा पुल्यांमधली ती वळणं आठवून बसवता येत नाहीत. पट्ट्याच्या पाठीवर ६पीके१७५० असा नंबर असतो: सहा रिब आणि १७५० मिलिमीटर लांबी. दुकानात तोच नंबर मागा. पट्टा ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर पान्यानं वळवून धरला की पट्टा सैल होतो. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो, मुळात ताणून बसवलेला पट्टा असतो. त्याला वेगळं हत्यार लागतं, तो गॅरेजमध्येच न्या.

पट्टा निघाल्यावर प्रत्येक पुली हातानं फिरवा. मला हीच पायरी सगळ्यात मोलाची वाटते. खरखरणारं बेअरिंग, कुठून तरी झिरपणारं ऑइल किंवा कूलंट तसंच राहिलं तर नवा पट्टाही लवकर जाईल. बसवताना प्रत्येक रिब आपल्याच खाचेत आहे ना, हे बोटानं तपासा. एक रिब बाहेर राहिली तरी पट्टा कडेनं फाटत जातो. गाडी सुरू करताना बाह्या, ओढणी, केस दूर ठेवा.

टायमिंग बेल्ट ही निराळी गोष्ट. तो दात्यांचा असतो आणि व्हॉल्व्ह व पिस्टनचा मेळ सांभाळतो. एक दाता चुकला तरी पुष्कळ इंजिनांत दोन्ही एकमेकांवर आदळू शकतात. त्याला घरी हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

बोल्टनं ताण द्यायची जुनी रचना असेल तर ताण गाडीच्या पुस्तिकेत दिलाय तेवढाच ठेवा. जास्त आवळला तर अल्टरनेटरचं आणि पंपाचं बेअरिंग खराब होतं. अशा रचनेत नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैलावतोच, त्यामुळे काही दिवस गाडी चालवून, घाटात नेण्याआधी, ताण पुन्हा एकदा तपासावा लागतो.