मागणं फळल्याचा आनंद आणि प्रभूमधला आनंद

सोलापुरात आमच्याकडे घरसभेला, म्हणजे घरी भरणाऱ्या ख्रिस्ती प्रार्थनासभेला, वचनाच्या आधी साक्षीची वेळ असते; देवाने आपल्यासाठी काय केलं ते तेव्हा सांगायचं. कोणी उठून सांगतं, मुलाला पुण्यात नोकरी लागली. कोणाच्या अंगावरची गाठ साधी निघाली. कोणाचे बंद पडलेले माग पुन्हा सुरू झाले. सगळे ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणतात, टाळ्या वाजतात, पेटीवर गीत सुरू होतं. मग एखादी बाई उठते. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस चालूच आहे, कर्ज होतं तेवढंच आहे, आणि ती म्हणते, प्रभू चांगला आहे, मी आनंदात आहे. तिच्यासाठीही तशाच टाळ्या वाजतात.

शब्द तेच, गीत तेच, त्यामुळे हे दोन आनंद एकच असल्यासारखं आपण धरून चालतो. पण त्यांचा उगम वेगळा आहे आणि आयुष्यही वेगळं आहे. पहिला आनंद उत्तर मिळालं म्हणून होतो. दुसरा, ज्याच्याकडे मागितलं तो आपला आहे म्हणून असतो. हा फरक विद्वानांपुरता नाही. पहिल्यालाच दुसरा समजून जो विश्वासात चालतो, तो उत्तर न आलेल्या पहिल्या मोठ्या प्रार्थनेपाशी कोसळतो. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यायचं हळूहळू बंद झालेल्या माणसांशी बसून बोललं, तर बहुतेकांच्या मागे अशीच एखादी प्रार्थना सापडते.

पहिल्या आनंदाला कमी लेखायचं मात्र कारण नाही. पवित्र शास्त्रही लेखत नाही. चौथ्या स्तोत्रात भक्त देवाला म्हणतो की, धान्य आणि नवा द्राक्षारस भरपूर झाल्यावर लोकांना जो आनंद होतो, त्याहून अधिक आनंद तू माझ्या मनात घातला आहेस. त्याला सुगीचा आनंद ठाऊक आहे, म्हणूनच तो त्याच्याशी तुलना करतो. आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगावं लागत नाही. परतीचा पाऊस नीट झाला, मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी ओलीवर तगली आणि कणसं खळ्यावर आली, की घरात काय वातावरण असतं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तो आनंद देवाचंच दान आहे. तो मनसोक्त घ्यावा, त्यासाठी आभार मानावेत. अडचण एवढीच, की पुढच्या वर्षी पाऊस दगा देतो.

या दोघांना खुद्द येशूनेच शेजारी ठेवून दाखवलं आहे. लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, त्याने सत्तर शिष्यांना (काही प्रतींत बाहत्तर) दोघादोघांनी गावोगाव पाठवलं. ते परत आले तेव्हा आनंद त्यांच्यात मावत नव्हता. प्रभू, तुझ्या नावाने भुतंसुद्धा आम्हांला वश होतात, असं ते सांगू लागले. आजच्या भाषेत ही जोरदार साक्ष झाली. प्रार्थना केली आणि डोळ्यांदेखत काम झालं! येशू त्यांना खोटं ठरवत नाही. पण लगेच म्हणतो की, भुतं वश होतात याचा आनंद मानू नका. तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना.

हे त्याने ज्या क्षणी सांगितलं तो क्षण मला फार मोलाचा वाटतो. हरलेल्या माणसाची समजूत घालायला तो हे म्हणत नाही. ते जिंकून आले आहेत, आणि तेव्हाच तो त्यांना सावध करतो. कारण उद्या त्याच शिष्यांसमोर गेथशेमाने, म्हणजे येशूला जिथे धरलं ती बाग, येणार आहे, वधस्तंभ येणार आहे, आणि त्या दिवशी कोणतंही भूत वश झालेलं दिसणार नाही. नाव लिहिलेलं आहे ही गोष्ट त्या दिवशीही तशीच राहणार आहे.

याच्या जोडीला पेरणाऱ्याचा दाखला वाचावा. खडकाळ जागेवर पडलेलं बी लगेच उगवतं, कारण माती खोल नसते. येशू त्याचा अर्थ सांगतो की, हा माणूस वचन आनंदाने ग्रहण करतो, पण त्याला मूळ नसतं, आणि संकट आलं की तो अडखळतो. म्हणजे आनंद तिथेही आहे, आणि खराच आहे. मुरमाड रानातलं पीक पहिल्या सरीला काळ्या रानाइतकंच हिरवं दिसतं. फरक उन्हाचा ताण बसल्यावर कळतो.

आता दुसरा आनंद कसा दिसतो ते प्रेषित पौलाकडे पाहून कळतं. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात पौल आणि सीला यांना फिलिप्पै शहरात छड्यांनी फोडून काढलं, आतल्या बंदिखान्यात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्रीच्या सुमारास ते प्रार्थना करत होते आणि गीतं गात होते. नंतर भूमिकंप झाला आणि दारं उघडली. हा क्रम घाईत वाचला तर निसटतो. दारं उघडल्यावर त्यांनी गायलं असतं, तर तो पहिल्या प्रकारचा आनंद झाला असता, आणि त्यातही वावगं काही नव्हतं. पण गाणं आधी झालं, पाठीवरच्या जखमा ओल्या असताना.

पुढे त्याच शहरातल्या मंडळीला पौलाने पत्र लिहिलं, तेही कैदेतूनच. या वेळी भूमिकंप नाही. आपण जगू की मरू हेसुद्धा ठरलेलं नाही, असं तो पहिल्या अध्यायात मोकळेपणाने लिहितो. आणि त्याच पत्रात चौथ्या अध्यायात येतं, ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.’ हे पत्र ऐकणाऱ्यांत कदाचित तो बंदिशाळेचा नायकही बसला असेल, ज्याने त्या रात्री या दोघांच्या जखमा धुतल्या होत्या. त्याला या वाक्यात पोकळ उपदेश नक्कीच ऐकू आला नसता. पौल आपल्या एका न सुटणाऱ्या त्रासाला ‘शरीरातला काटा’ म्हणतो, तोही आठवावा. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. प्रभूकडून उत्तर आलं ते असं: ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की रेल्वे केडगाववरून जाते. तिथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंचं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि बहीण गेली. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, 1882 साली, पती गेले. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्या साक्षीत त्या सांगतात की, त्या वेळी ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विचारांनी सगळं पटलेलं असूनही आत रिकामं वाटत असताना, त्यांनी स्वतःला विनाअट त्याच्या हाती सोपवलं, आणि तेव्हा त्यांना तो आनंद लाभला. म्हणजे धर्म, शिक्षण, मान, विधवांसाठीच्या शारदा सदनासारखं हाती घेतलेलं काम, हे सगळं असतानाही तो नव्हता. आणि 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तेव्हा आईच्या दुःखाला सीमा नसणार. तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचं हाती घेतलेलं काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. एखाद्या फळलेल्या मागण्यावर उभं असलेलं मन इतका भार पेलतं असं मला वाटत नाही.

रोजच्या दिवसात ओळखायचं कसं

मनात उकळी फुटते तेव्हा दोन्ही आनंद सारखेच भासतात, म्हणून त्या क्षणी तपासून उपयोग नाही. नंतर काय होतं ते पाहावं.

येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत आला एक. बाकीच्या नऊ जणांना आनंद झाला नसेल का? नक्कीच झाला असेल, पण तो त्यांना येशूकडे न आणता आपापल्या वाटेला घेऊन गेला. आपली नोकरीसाठीची उपवास-प्रार्थना नोकरी लागल्याच्या आठवड्यात थांबते का, एवढं पाहिलं तरी पुरे.

दुसरी खूण जास्त बोचरी आहे, पण मला तीच सर्वांत भरवशाची वाटते. एकाच मंडळीतल्या दोन घरांनी एकाच गोष्टीसाठी प्रार्थना केली, समजा मूल व्हावं म्हणून. एकीची कूस भरली. दुसरी बारशाला येते, पाळणा म्हणते, आणि घरी गेल्यावर रडते. त्या रडण्यात विश्वासाची उणीव नाही. पण रडून झाल्यावर तिला देवाजवळ बसता येतं का, की देव आता फक्त शेजारणीचा वाटू लागतो? मिळालेल्या गोष्टींच्या आनंदाला नेहमी मोजमाप लागतं: कोणाला आधी, कोणाला जास्त. प्रभूमधला आनंद दुसऱ्याला मिळाल्याने आपल्या वाट्यातून कमी होत नाही. शेजारच्या घरातल्या उत्तराबद्दल मनापासून आभार मानता आले, तर समजावं की मूळ खोल चाललं आहे.

एका गैरसमजाबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. सदा हसरा चेहरा म्हणजे प्रभूमधला आनंद नव्हे. मेलेल्या लाजराला पुन्हा उठवणार हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं जागोजागी आहेत, आणि 88वं तर अंधारातच संपतं. ‘विश्वासू माणसाने उदास असू नये’ असं दुःखात असलेल्याला ऐकवणं हे वचनाला धरून नाही. आणि झोप उडाली आहे, जेवण जात नाही, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नाही, जगू नये असं वाटतं, तर तो आजार असू शकतो. मधुमेहाला जसा डॉक्टर लागतो तसा इथेही लागतो. प्रार्थनाही करावी आणि मनोविकारतज्ज्ञाकडेही जावं. पाळकांनी हे व्यासपीठावरून सांगितलं तर कितीतरी घरांवर उपकार होतील.

प्रार्थनेत काय बदलतं

मग मागायचंच नाही का? मागायचं, आणि लेकराने बापाकडे मागावं तसं मोकळेपणाने मागायचं. येशूनेच सांगितलं आहे. पण फिलिप्पैकरांच्या पत्रातलं ते प्रसिद्ध वचन पुन्हा एकदा सावकाश वाचा. कशाचीही चिंता करू नका, प्रार्थना आणि विनंती करून आभारासह आपलं मागणं देवाला कळवा. पुढे काय? तुम्ही मागितलं ते मिळेल, असं तिथे लिहिलेलं नाही. सगळ्या बुद्धीपलीकडची देवाची शांती तुमची मनं राखील, असं लिहिलं आहे. मागणं कळवायचं, उत्तर देवावर सोडायचं, आणि मधल्या काळात मन राखलं जातं. बहुतेकांचं अख्खं आयुष्य त्या मधल्या काळातच जातं, म्हणून हे वचन मला इतकं जवळचं आहे.

त्या वचनातला ‘आभारासह’ हा भाग आपण शेवटी उरकतो. तो आधी आणून पाहावा. आभार उत्तराचे नसतात, कारण उत्तर अजून आलेलं नसतं. ते देवाच्या स्वभावाचे असतात, त्याने ख्रिस्तात आधीच जे केलं त्याचे असतात. एवढ्या एका बदलाने प्रार्थनेचा सगळा रोख फिरतो.

वेळ मिळत नाही ही तक्रार खरी आहे. काही दिवसांआड येणारं पाणी भल्या पहाटे आलं तर घरातली बाई आधी हंडे भरणार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याला मागांच्या खडखडाटात स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. पानं कातरून, हजाराच्या हिशोबाने विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी बोटांच्या वेगावर ठरते. त्यांना सकाळचा शांत तास काढा असं सांगणं सोपं आहे आणि निरुपयोगी आहे. पण विड्या वळताना बोटं आपसूक चालतात आणि मन मोकळं असतं. त्या मनात एक वचन दिवसभर धरता येतं. मागाच्या आवाजात मोठ्याने प्रार्थना करूनही कोणाला कळत नाही. तिथे उपासनेतलं एखादं पाठ गीत खुशाल गावं. पाण्याच्या रांगेत उभं असताना ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची ती माणसं समोरच उभी असतात.

संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत मात्र एक गोष्ट जपावी. मुलं आपल्याकडूनच शिकतात. रोज त्यांच्या कानावर फक्त मागण्यांची यादी पडली, तर दहावीच्या निकालाच्या दिवशी त्यांचा देव पास किंवा नापास होतो. अधूनमधून एखाद्या संध्याकाळी काहीच मागू नये. एक स्तोत्र वाचावं, दिवसातल्या एकेका गोष्टीचे आभार प्रत्येकाने मानावेत, थोडं गप्प बसावं, आणि प्रभूची प्रार्थना म्हणून उठावं. पहिल्यांदा मुलं चुळबुळतील. चालेल.

आणि ज्यांना आज आभारसुद्धा ओठावर येत नाहीत, त्यांनी तेराव्या स्तोत्रापासून सुरुवात करावी. सहाच वचनांचं आहे. सुरुवातीला भक्त देवाला चार वेळा विचारतो, किती काळ? मग डोळ्यांत उजेड घाल म्हणून विनवतो. शेवटच्या दोन वचनांत तो देवाच्या दयेवर भरवसा ठेवून गायला लागतो. मधल्या ओळींत त्याचं मागणं पुरं झाल्याचा उल्लेख कुठेही नाही. ते मोठ्याने वाचायला एक मिनिटही लागत नाही, आणि आठवडाभर रोज तेच वाचलं तरी हरकत नाही.